मीटरमागे किती सुटतात?

मंदीच्या दिवसांत इचलकरंजीत आलेल्या बाहेरच्या माणसाला एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. ज्याला विचारावं तो यंत्रमागधारक सांगतो, की सध्या धंदा तोट्यात आहे, मीटरमागे पदरचे पैसे जातात. आणि त्याच वेळी शेडमध्ये माग खडखडत असतात, रात्रपाळीसुद्धा चालू असते. तोटा होतो, तर माग बंद का होत नाहीत? माग चालू आहेत, तर तोटा खरा कशावरून? ऐकणाऱ्याला वाटतं, यातलं एक काहीतरी खोटं असणार. प्रत्यक्षात दोन्ही खरं असतं. ते कसं, हे उमगलं की व्यवसायाच्या अर्थशास्त्राचा निम्मा भाग हाती आला. उरलेला निम्मा बाजाराचा. या प्रकरणात आपण आधी शेडचा हिशेब मांडू, मग बाजारात जाऊ.

माग इथेच का रुजले?

पंचगंगेकाठचं हे गाव घोरपडे घराण्याच्या जहागिरीचं. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगाला पाठबळ दिलं. लुगडी आणि धोतरांपासून सुरू झालेलं विणकाम पुढे पॉपलीन, केंब्रिक, शर्टिंगपर्यंत पोचलं. गावाचं शहर झालं, २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आज इथल्या मागांची संख्या लाखाच्या घरात सांगितली जाते.

पण कापूस तर इथे पिकत नाही. तो पिकतो विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात आणि राज्याबाहेर गुजरात-तेलंगणात. मग विणकाम इथे का टिकलं? ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. एकाच प्रकारचे अनेक छोटे उद्योग एका जागी गोळा झाले, की कसबी कामगार तिथेच मिळतात, पूरक धंदे तिथेच उभे राहतात आणि धंद्यातली माहिती वाऱ्यावर पसरते. इचलकरंजीत हे तिन्ही डोळ्यांनी दिसतं. सुताचे उभे धागे बीमवर गुंडाळणारे वार्पिंगवाले वेगळे, त्या धाग्यांना खळ देणारे सायझिंगवाले वेगळे. नवा बीम चढवताना धागे ओढून देणारे वहिफणी कामगार, आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारे, माग दुरुस्त करणारे जॉबर, कापडाच्या घड्या घालणारे, सुटे भाग विकणारे, सूत आणि कापडाचे दलाल, अडत्ये, ट्रान्सपोर्टवाले हे सगळे एका फोनच्या अंतरावर आहेत. १९८२ साली सुरू झालेल्या डीकेटीई संस्थेमुळे वस्त्रोद्योगाचं तांत्रिक शिक्षणही गावातच मिळू लागलं.

याचा परिणाम खर्चावर होतो. ज्याच्याकडे फक्त आठ माग आहेत, त्याला स्वतःचं सायझिंग उभारावं लागत नाही. तो जेवढं लागेल तेवढं काम बाहेरून करून घेतो. म्हणून थोड्या भांडवलात माणूस इथे मालक होऊ शकतो. ही इचलकरंजीची मोठी ताकद आहे. तीच पुढे बाजारात तिची अडचणही होते.

दोन रकान्यांचा हिशेब

आता एक काल्पनिक शेड घेऊ. २४ साधे माग, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. पुढचे रुपये-पैशांचे आकडे हिशेब समजावा म्हणून सोईचे घेतले आहेत. ते आजचे बाजारभाव नव्हेत.

माग किती विणतो, हे मात्र नेमकं काढता येतं. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसतात, त्याला पीक म्हणतात. ५२ पिकाच्या कापडात एका इंचाला ५२ आडवे धागे. मीटरमध्ये सुमारे ३९.३७ इंच, म्हणजे एका मीटरला साधारण २,०५० धागे. साधा माग मिनिटाला १५० धागे टाकतो असं धरलं आणि धागा तुटणं, कांडी बदलणं, वीज जाणं यात पाचवा हिस्सा वेळ गेला असं मानलं, तर चोवीस तासांत ८४ मीटरच्या आसपास कापड निघतं. २४ मागांचे दिवसाला सुमारे २,००० मीटर, महिन्याच्या २५ दिवसांत ५०,००० मीटर.

खर्च लिहिताना वहीत दोन रकाने पाडायचे. पहिला रकाना स्थिर खर्चाचा: माग चालो न चालो, हा द्यावाच लागतो. शेडचं भाडं, बँकेचा हप्ता, दिवाणजी आणि जॉबरचा पगार, विमा, वीजबिलातला स्थिर आकार. हा महिन्याला ८०,००० रुपये धरू.

दुसरा रकाना बदलत्या खर्चाचा: जितकं कापड निघेल तितका तो वाढतो. विणकराची मजुरी इथे मीटरवर आणि पिकावर मोजली जाते. ती मीटरमागे १ रुपया ३० पैसे धरू. वापरलेल्या युनिटांची वीज ८० पैसे. सुटे भाग आणि तेल २५ पैसे. कांडी, वहिफणी, घडी यांचे २५ पैसे. बेरीज २ रुपये ६० पैसे. वीजबिल हातात घेतलं तर हे दोन्ही रकाने त्याच कागदावर दिसतात. स्थिर आकार युनिटं वापरली नाहीत तरी लागतो, वीज आकार वापरानुसार.

दोन्ही पाळ्या चालल्या तर ८०,००० रुपये ५०,००० मीटरवर वाटले जातात. मीटरमागे स्थिर खर्च १ रुपया ६० पैसे, आणि एकूण खर्च ४ रुपये २० पैसे. एकच पाळी चालवली तर तेच ८०,००० रुपये २५,००० मीटरवर बसतात. मग स्थिर खर्चच ३ रुपये २० पैसे होतो आणि एकूण खर्च ५ रुपये ८० पैशांवर जातो. शेड तीच, माग तेच, कामगार तितकेच कुशल, तरी मीटरचा खर्च १ रुपया ६० पैशांनी वाढला. रात्रपाळीचं अर्थशास्त्र ते हेच. खर्च हा केवळ सामानाचा आणि मजुरीचा नसतो, तो किती कापडावर वाटला गेला याचाही असतो.

माग कधी थांबवायचा?

आता सुरुवातीचं कोडं. या शेडला विणण्याबद्दल मीटरला साडेचार रुपये मिळाले, तर ३० पैसे सुटतात. महिन्याला १५,००० रुपये नफा. मंदी आली आणि दर साडेतीन रुपयांवर उतरला. खर्च ४ रुपये २० पैसे, मिळकत साडेतीन रुपये. मीटरमागे ७० पैसे तोटा, महिन्याला ३५,००० रुपये. कुणीही म्हणेल, बंद करा.

पण बंद केल्यावर काय होतं ते पाहा. मिळकत शून्य, बदलता खर्च शून्य. मात्र पहिल्या रकान्यातले ८०,००० रुपये तसेच उभे. म्हणजे बंद शेडचा तोटा ८०,०००, चालू शेडचा ३५,०००. साडेतीन रुपयांतून बदलते २ रुपये ६० पैसे भागून ९० पैसे उरतात आणि ते हप्त्याच्या व भाड्याच्या कामी येतात. म्हणून मालक तोट्यात असूनही माग चालवतो, आणि ते शहाणपणाचं असतं. दर २ रुपये ६० पैशांच्या खाली गेला, की मात्र प्रत्येक मीटरगणिक नुकसान वाढतं. तिथे माग थांबवायचा. अर्थशास्त्रात याला उत्पादन थांबवण्याचा बिंदू म्हणतात. तो एकूण खर्चावर ठरत नाही, फक्त बदलत्या खर्चावर ठरतो.

हा नियम थोड्या मुदतीपुरता खरा. हप्ता संपतो, भाडेकरार संपतो, माग जुना होतो. लांबच्या पल्ल्यात कोणताच खर्च स्थिर राहत नाही. तेव्हा प्रश्न बदलतो: हे माग पुन्हा घ्यावेत का, की विकून मोकळं व्हावं? इचलकरंजीत साधे माग भंगाराच्या भावानं विकले जातात, तेव्हा ते विकणाऱ्या मालकानं हा दुसरा प्रश्न सोडवलेला असतो. केंद्र सरकारनं १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणेसाठी व्याज सवलतीची योजना आणली आणि धोट्याशिवाय चालणाऱ्या, म्हणजे शटललेस मागांकडे जाण्याचा वेग वाढला. हवेच्या झोतानं मिनिटाला ६०० धागे टाकणारा एअरजेट माग चारपाच साध्या मागांचं काम करतो आणि त्याला माणसं कमी लागतात. पण त्याचा हप्ता जबर असतो. म्हणजे बदलता खर्च उतरला, स्थिर खर्च चढला. असा माग रिकामा ठेवणं परवडतच नाही. म्हणून काम हातात आहे याची खात्री नसताना केवळ कर्ज मिळतंय म्हणून तो घेणं धोक्याचं.

आणखी एक खर्च वहीत कुणी लिहीत नाही. शेड घरची आहे म्हणून भाडं शून्य, मुलगा दिवाणजीचं काम करतो म्हणून पगार शून्य, घरच्या बायका कांड्या भरतात म्हणून तीही मजुरी शून्य. पण ती शेड दुसऱ्याला दिली असती तर भाडं आलं असतं, मुलगा बाहेर नोकरीला गेला असता तर पगार आला असता. हुकलेली ही मिळकत म्हणजेच संधी खर्च. ती न धरता काढलेला नफा अनेकदा घरच्यांचीच न दिलेली मजुरी असते.

सूत कोणाचं, जोखीम कोणाची?

वरच्या हिशेबात सुताची किंमत कुठेच आली नाही. कारण ती शेड खर्चीवर चालते. व्यापारी बीम आणि आडवं सूत देतो, यंत्रमागधारक कापड विणून देतो आणि पिकाच्या हिशेबानं विणण्याची खर्ची घेतो. इचलकरंजीतले असंख्य छोटे यंत्रमागधारक असे खर्चीवाले आहेत. दुसरा प्रकार स्वतःचं सूत घेऊन स्वतःचं कापड विकणाऱ्यांचा.

या दोघांत खरा फरक जोखमीचा आहे. सूत महागलं किंवा कोसळलं, तर त्याचा फायदा-तोटा सूत ज्याच्या मालकीचं त्याचा. खर्चीवाला त्यातून सुटतो. पण तेजीत हात धुऊन घेण्याची संधीही त्याला मिळत नाही. आणि भाडं, हप्ता, पगार हे सगळे स्थिर खर्च मात्र त्याच्याच अंगावर असतात. व्यापाऱ्यानं बीम देणं थांबवलं, की व्यापाऱ्याचा खर्च थांबतो, खर्चीवाल्याचा थांबत नाही. दराच्या बोलणीत कोणाची बाजू लंगडी, हे इथेच ठरून जातं.

सुतासाठी कायम बाहेरच्यावर अवलंबून राहू नये म्हणून या गावानं सहकाराचा मार्ग धरला. डेक्कन सहकारी सूतगिरणी, इंदिरा गांधी महिला सहकारी सूतगिरणी यांसारख्या संस्था त्यातून उभ्या राहिल्या. एकेकट्या विणकराला जे जमत नाही ते एकत्र येऊन करायचं, हा त्यामागचा विचार होता.

भाव कुठे ठरतो?

खर्च शेडमध्ये ठरतो, भाव मात्र बाजारात. मार्शल यांनी यासाठी कात्रीचं उदाहरण दिलं होतं: कागद कात्रीच्या वरच्या पात्यानं कापला की खालच्या, हे विचारण्यात अर्थ नाही, तसंच भाव मागणी ठरवते की पुरवठा, हेही विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही पाती लागतात.

इचलकरंजीच्या कच्च्या कापडाची मागणी सरळ ग्राहकाकडून येत नाही. त्यातलं बरंचसं कापड प्रक्रियेसाठी राजस्थानात पाली-बालोत्र्याला, गुजरातेत अहमदाबाद-जेतपूरला जातं. तिथे रंगतं, छापलं जातं आणि मग दुकानात पोचतं. लग्नसराई, दिवाळी, ईद, शाळांचे गणवेश यांची चाहूल लागली की तिकडचे व्यापारी माल उचलतात. तिकडे रंगाई-छपाईचे कारखाने, म्हणजे प्रोसेस हाऊस, बंद पडले, तर दुकानात गिऱ्हाईक असूनही इथे कापड साचतं. एका मालाची मागणी दुसऱ्या मालाच्या मागणीवर टेकलेली असली, की असा लांबचा धक्काही जोरात बसतो.

पुरवठ्याची बाजू पाहा. एका शेडमधलं ५२ पिकाचं केंब्रिक दुसऱ्या शेडमधल्या केंब्रिकपेक्षा वेगळं नसतं. विकणारे हजारो, प्रत्येकाचा वाटा नगण्य. तुम्ही दहा पैसे जास्त मागितले, तर व्यापारी शेजारच्या शेडमध्ये जातो. एकट्याच्या हातात भाव नसतो. बाजारात चाललेला भाव घ्यायचा किंवा माल ठेवून द्यायचा. थोड्या भांडवलात मालक होता येतं ही सोय मघाशी पाहिली. तेजीत त्या सोयीमुळे नवे माग येतात, पुरवठा वाढतो आणि सुटणारे पैसे पुन्हा आटतात.

मंदीत आणखी एक पेच पडतो. आपल्या शेडचा मालक तोट्यातही माग चालवतो आणि त्याचा निर्णय बरोबर आहे, हे आपण पाहिलं. पण शहरातला प्रत्येक मालक तोच बरोबर निर्णय घेतो. त्यामुळे मागणी घटूनही कापड कमी होत नाही आणि भाव आणखी पडतो. एकेकट्यासाठी शहाणपणाची गोष्ट सर्वांनी मिळून केली की सर्वांच्या नुकसानीची होते. मंदीत आठवड्यातले काही दिवस किंवा एक पाळी सर्वांनी बंद ठेवण्याचे प्रयत्न होतात, ते यासाठी. ते टिकवणं अवघड असतं, कारण बाकीच्यांनी बंद ठेवलं असताना जो चालू ठेवेल त्याचा फायदा सर्वांत जास्त.

वीज सवलतीचंही असंच होतं. राज्यात यंत्रमागाला सवलतीची वीज मिळते. सवलत एकट्याला असती, तर ती त्याच्या खिशात राहिली असती. ती सर्वांना मिळते, सर्वांचा बदलता खर्च उतरतो, सर्वजण थोड्या कमी दरात विणायला तयार होतात आणि सवलतीचा काही भाग स्वस्त कापडाच्या रूपानं व्यापाऱ्याकडे व ग्राहकाकडे सरकतो. पण म्हणून सवलत निरुपयोगी ठरत नाही. भिवंडी, मालेगावशी आणि परराज्यांतल्या केंद्रांशी स्पर्धा असताना जिथली वीज महाग, तिथले माग आधी थांबतात.

दोन धक्के

पुरवठा अचानक हलला की काय होतं, याची दोन उदाहरणं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांचं कापड थांबलं, तरी देशातल्या दुकानांत कापडाचा दुष्काळ पडला नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांनी ती जागा भरून काढली. गिरणीपेक्षा यंत्रमागाचा खर्च आधीच कमी होता: शुल्काचा बोजा हलका, व्यवस्थापनाचा पसारा नाही, आणि मजुरीही कमी. संपानंतर अनेक गिरण्या पूर्वपदावर आल्या नाहीत. तात्पुरती वाटलेली पोकळी कायमची भरली गेली. या स्वस्ताईचा एक भाग मागावरच्या कामगाराच्या खांद्यावर उभा होता, हेही नोंदलं पाहिजे. २०१३ साली इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांनी मजुरीवाढीसाठी केलेला प्रदीर्घ संप त्याच प्रश्नाचा होता.

दुसरा धक्का २०२२ चा. त्या वर्षी मे महिन्यात कापसाच्या रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीला एक लाख रुपयांवर गेला. म्हणजे किलोला २८० रुपयांहून जास्त. कापूस वर्षातून एकदा, मुख्यतः जून-जुलैत पेरला जातो आणि ऑक्टोबरपासून बाजारात येतो. मे महिन्यात भाव कितीही चढला, तरी एक बोंड जास्त पिकवता येत नाही. पुरवठा असा आवळलेला असला, की मागणीतला थोडा बदलही भाव उडवतो. सरकारनं एप्रिलमध्येच कापसावरचं आयात शुल्क काढलं होतं, तरी भाव लगेच नमला नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या तयार कपड्यांच्या कारखानदारांनी मे महिन्यात दोन दिवस काम बंद ठेवून निषेध केला. नव्या हंगामाचा कापूस येईपर्यंत मात्र भाव बराच उतरला होता.

चढ्या भावात सूत भरलेल्या विणकराला इथे एक कठोर धडा मिळतो. घेतलेल्या सुताची जुनी किंमत परत येत नाही. त्या सुताचं कापड विणायचं की नाही, हे ठरवताना आज ते सूत विकलं तर काय मिळेल आणि कापड विणून विकलं तर विणण्याचा बदलता खर्च जाऊन काय उरेल, एवढंच पाहायचं. जुन्या भावाची वाट पाहत माल अडवून बसणं अनेकांना जास्त महागात पडतं.

वेळेचा खर्च आणि नदीचा खर्च

कापड विकलं म्हणजे पैसे आले असं नाही. मीटरला ४० रुपयांचं कापड तीन महिन्यांच्या उधारीवर दिलं आणि व्याज वर्षाला १२ टक्के धरलं, तर मीटरमागे १ रुपया २० पैसे व्याजातच गेले. अनेकदा सुटणारे पैसे यापेक्षा कमी असतात. उधारीचा दर आणि रोखीचा दर हे दोन वेगळे भाव आहेत, ही गोष्ट विकताना लक्षात ठेवली पाहिजे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात वजा करता येत नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. छोट्या उत्पादकानं तिचा आधार घेतला पाहिजे आणि त्यासाठी आपली नोंदणी आधी करून ठेवली पाहिजे.

शेवटचा खर्च कुणाच्याच वहीत नसतो. कापड रंगवताना, धुताना पाणी खराब होतं. ते शुद्ध न करता सोडलं, तर कारखान्याचा खर्च वाचतो, पण तो नाहीसा होत नाही. तो नदीकाठच्या गावांवर पडतो. पंचगंगेच्या प्रदूषणात घरगुती सांडपाणी आणि उद्योग या दोन्हींचा वाटा आहे. पंचगंगाकाठच्या या शहराला पिण्याच्या पाण्यासाठी कृष्णेकडे धाव घ्यावी लागली, त्या जलवाहिनीचा खर्च कापडाच्या कोणत्याही बिलात दिसत नाही. दुसऱ्यानं भरलेल्या खर्चावर स्वस्त झालेलं कापड खऱ्या अर्थानं स्वस्त नसतं. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च भावात धरणं, हाच प्रामाणिक हिशेब.

भाव तुमच्या हातात नाही. खर्चाची माहिती आणि निर्णय तुमच्या हातात आहे. तुम्ही माग चालवत असा, चहाची टपरी किंवा बेकरी, आज रात्री एका कागदावर दोन रकाने पाडा. धंदा बंद असतानाही जे जातं ते डावीकडे, माल निघेल तसं जे वाढतं ते उजवीकडे. घरच्यांच्या मजुरीचा आणि उधारीच्या व्याजाचा आकडाही धरा. मग एका नगामागे किंवा एका मीटरमागे किती सुटतात ते काढा. तो आकडा दर महिन्याला ज्याच्यासमोर असतो, त्याला दर नाकारायचा कधी, घ्यायचा कधी आणि थांबायचं कधी, हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.